सेंटॉरस हाताळताना: टेम्पेस्ट २ आणि सी फ्यूरीच्या स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनाची तयारी, सुरुवात आणि निगा

हॉकरच्या टेम्पेस्ट २ आणि सी फ्यूरी या दोन्ही लढाऊ विमानांच्या नाकात ब्रिस्टल सेंटॉरस बसते. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगा, ५३.६ लिटर क्षमता, हवेने थंड होणारे, आणि अख्ख्या इंजिनात एकही पॉपेट व्हॉल्व्ह, म्हणजे नेहमीच्या इंजिनातली दांडीवर उघडमीट करणारी झडप, नाही. पुशरॉड नाहीत, रॉकर नाहीत, टॅपेटची फट मोजायची भानगड नाही. त्यांच्या जागी प्रत्येक सिलिंडरमध्ये पोलादाची एक पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, पिस्टनभोवती सतत वरखाली आणि डावीउजवीकडे हलत असते.

या इंजिनाशी कसे वागायचे, याचे जवळपास सगळे नियम तेलाभोवती फिरतात. इंजिन बंद असताना तेल नको तिथे साचते आणि सुरू होताना हवे तिथे पोचलेले नसते. हे दोन धोके नीट समजले की खालची एकही पायरी पाठ करावी लागत नाही. संग्रहालयात जमिनीवर इंजिन चालवणारे, उडत्या जुन्या विमानांवर काम करणारे आणि सिम्युलेटरवर सी फ्यूरी उडवणारे, अशा सगळ्यांना पुढचे उपयोगी पडावे. प्रत्यक्ष विमानावर मात्र त्या विमानाच्या पायलट्स नोट्स (वैमानिकाची अधिकृत पुस्तिका) आणि देखभाल पुस्तिकेतला आकडा अंतिम धरायचा.

आधी विमान आणि इंजिन ओळखा

टेम्पेस्ट २ चे पहिले प्रोटोटाइप, एलए६०२, २८ जून १९४३ रोजी उडाले. उत्पादनातली विमाने पथकांकडे पोचेपर्यंत युद्ध संपत आले होते, त्यामुळे या विमानाला दुसऱ्या महायुद्धात लढाई पाहायला मिळाली नाही. त्यावर सेंटॉरस ५ किंवा ६ असते, ताकद सुमारे २,५९० अश्वशक्ती, आणि प्रोपेलरला चार पाती. फ्यूरीचे पहिले प्रोटोटाइप १ सप्टेंबर १९४४ रोजी उडाले, नौदलाच्या सी फ्यूरीचे २१ फेब्रुवारी १९४५ रोजी. उत्पादनातल्या सी फ्यूरीवर सेंटॉरस १८, सुमारे २,४८० अश्वशक्ती, आणि पाच पाती. पाती मोजली तरी लांबून ओळख पटते.

भारतीय हवाई दलाकडेही टेम्पेस्ट २ होती आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ती वापरली गेली. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात त्यातले एक पाहायला मिळते. उष्ण आणि धुळीच्या प्रदेशासाठी बनवलेल्या टेम्पेस्टवर इंजिनाच्या काउलिंगच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, लगेच मागे, वरच्या बाजूला, हवेच्या फिल्टरचे तोंड दिसते. जुन्या छायाचित्रातले विमान पूर्वेकडचे की युरोपातले, हे ओळखायला त्याचा उपयोग होतो.

एक गल्लत नेहमी होते. टेम्पेस्ट ५ मध्येही स्लीव्ह-व्हॉल्व्हच आहेत, पण ते इंजिन नेपियर सेबर आहे: चोवीस सिलिंडर, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची मांडणी, द्रवाने थंड होणारे. हनुवटीखाली मोठा रेडिएटर दिसला की ते सेबर. सेबरच्या सुरुवातीच्या स्लीव्ह वाकड्या होऊन इंजिने बंद पडत. ब्रिस्टलच्या टॉरस इंजिनाचा सिलिंडरही पाच इंच व्यासाचाच होता. त्याच्या स्लीव्ह सेबरमध्ये बसवून पाहिल्यावर मार्ग सापडला. दोष कल्पनेत नव्हता, नळी गोल घडवण्याच्या कारखानदारीत होता. ब्रिस्टलमध्ये रॉय फेडन यांच्या हाताखालच्या माणसांनी ती गोलाई साधण्यासाठी १९३० च्या दशकातली कित्येक वर्षे घालवली होती.

स्लीव्ह काय करते, हे कागदावर करून पाहा

स्लीव्हची हालचाल शब्दांत वाचून डोक्यात बसत नाही. पंधरा मिनिटे, एक आलेख कागद आणि एक पारदर्शक शीट एवढ्यावर ती समजते. इंजिनाला हात लावण्याआधी हे जरूर करा.

कागदाच्या मध्यावर बिंदू घ्या आणि त्याभोवती ३० मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. घड्याळाच्या तबकडीसारख्या १२ खुणा करा. आता २२ मिमी बाजूचे दोन चौरस काढायचे. उजव्या चौरसाचे केंद्र मध्यापासून २० मिमी उजवीकडे आणि २० मिमी खाली, डाव्याचे तितकेच डावीकडे आणि तितकेच खाली. उजवा चौरस म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतले एक्झॉस्ट पोर्ट, डावा म्हणजे इनलेट पोर्ट. पारदर्शक शीटवर २० मिमी बाजूचा एक चौरस काढून त्याच्या मध्यावर ठिपका द्या. हे स्लीव्हमधले पोर्ट. त्याबाहेरची सगळी शीट पोलाद आहे असे समजा.

ठिपका वर्तुळावरच्या १२ च्या खुणेवर ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने एकेक खूण पुढे सरकवत जा. शीट गोल फिरू द्यायची नाही, तिच्या कडा कागदाच्या कडांना समांतर राहिल्या पाहिजेत.

१२ वर ठिणगी पडते. स्लीव्हचे पोर्ट दोन्ही पोर्टांच्या खूप वर आहे, सगळे बंद. खऱ्या इंजिनात या क्षणी स्लीव्हची पोर्टे सिलिंडरच्या आत उतरलेल्या हेडच्या, म्हणजे जंक हेडच्या, आड लपलेली असतात आणि आगीपासून वाचतात. १२ ते ३ हा ताकदीचा स्ट्रोक. ३ वर एक्झॉस्ट जेमतेम एक मिलिमीटर उघडतो. ४ आणि ५ च्या मध्ये तो पूर्ण उघडा दिसेल. ६ वर दोन्ही पोर्टे एकेक मिलिमीटर उघडी असतात, हाच ओव्हरलॅप. ७ आणि ८ च्या मध्ये इनलेट पूर्ण उघडा, ९ वर तो मिटत आलेला, आणि ९ ते १२ काँप्रेशन. शीटचा एक फेरा झाला तेवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, म्हणजे २,७०० आरपीएमला प्रत्येक स्लीव्ह सेकंदाला साडेबावीस वेळा हा प्रवास करते.

आता एक बदल करून पाहा. एक्झॉस्ट चौरसाची वरची कड ८ मिमी वर न्या. एक्झॉस्ट ३ च्या आधीच उघडू लागतो, क्रँकच्या हिशेबात सुमारे ३५ अंश आधी. खऱ्या इंजिनात व्हॉल्व्हचे टायमिंग असेच पोर्टांच्या आकारातून ठरते. ते नंतर जुळवत बसायची सोयही नाही आणि गरजही नाही. खऱ्या ब्रिस्टल सिलिंडरच्या भिंतीत पाच पोर्टे असतात, तीन इनलेट आणि दोन एक्झॉस्ट. स्लीव्हमध्ये मात्र चारच, कारण त्यातले एक पोर्ट आळीपाळीने दोन्ही कामे करते. तुम्ही कागदावर केले ते त्याच पोर्टाचे काम.

या खेळातून दोन गोष्टी हाताला लागतात. स्लीव्ह कधीही पूर्ण थांबत नाही, वरच्या टोकालाही ती आडवी सरकतच असते. त्यामुळे तेलाचा पातळ थर तुटत नाही आणि चालू इंजिनात झीज कमी होते. दुसरी गोष्ट अशी की स्लीव्हला दोन बाजू आहेत. आत पिस्टन घासतो, बाहेर सिलिंडरची भिंत, आणि दोन्हीकडे तेल लागते. इंजिन थांबल्यावर हे तेल दोन्ही बाजूंनी ओघळते आणि पोर्टांतून आत-बाहेर जायला त्याला मोकळी वाट असते.

हायड्रॉलिक लॉक: इथे घाई करायचीच नाही

कोणत्याही रेडियल इंजिनात, म्हणजे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेल्या इंजिनात, खालचे सिलिंडर उलटे टांगलेले असतात. त्यांचे हेड सर्वांत खाली, क्रँककेस वर. विमान उभे असताना क्रँककेसमधले तेल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत हेडमध्ये साचते. सेंटॉरसमध्ये स्लीव्हच्या बाहेरच्या बाजूने येणारे तेल त्यात भर घालते.

किती तेल धोक्याचे, याचा हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरची क्षमता ५३.६ भागिले १८, म्हणजे जवळपास तीन लिटर. काँप्रेशन रेशो ७.२ आहे, म्हणजे पिस्टन हेडजवळ टेकला की उरलेली जागा अर्ध्या लिटरपेक्षाही किंचित कमी. अर्धा लिटर तेल साचले की पिस्टन त्या टोकाला पोचूच शकत नाही, यालाच हायड्रॉलिक लॉक म्हणतात. तेल दाबले जात नाही. मग काहीतरी वाकते, आणि ते बहुधा कनेक्टिंग रॉड असते.

खरा घात असा की वाकलेला रॉड लगेच तुटत नाही. इंजिन सुरू होते, गुळगुळीत चालते, आणि काही तासांनी पूर्ण ताकदीवर असताना रॉड तुटून क्रँककेस फोडतो. म्हणून स्टार्टरच्या जोरावर लॉक बसल्याची नुसती शंका आली तरी सिलिंडर उघडून तपासणी करायची, त्याला पर्याय नाही.

इंजिन काही तासांपेक्षा जास्त उभे असेल तर सुरू करण्याआधी दर वेळी असे करा:

१. दोन्ही मॅग्नेटो (प्लगांना ठिणगीची वीज देणारी यंत्रे) बंद, इंधनाचा कॉक बंद, थ्रॉटल मिटलेला, चाकांना अडसर. काडतुसाचा स्टार्टर (दारूच्या काडतुसाच्या स्फोटाने इंजिन फिरवणारा) असेल तर त्यातली काडतुसे काढून बाहेर ठेवा. कॉकपिटमध्ये एक माणूस ठेवा. प्रोपेलर हलवायच्या आधी त्याने स्विच बंद असल्याचे मोठ्याने सांगायचे आणि बाहेरच्याने ते परत म्हणायचे.

२. इंजिन नुकतेच गरम चालले असेल तर प्रोपेलरला हात लावू नका. तापलेल्या कार्बनने स्विच बंद असतानाही एखादा सिलिंडर पेटू शकतो.

३. प्रोपेलर फक्त चालण्याच्या दिशेने फिरवा. सेंटॉरसचा प्रोपेलर कॉकपिटातून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे विमानासमोर उभे राहिल्यावर घड्याळाच्या दिशेने. रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनावर हात बसलेली माणसे इथे हमखास गोंधळतात, कारण मर्लिन उलटे फिरते.

४. पूर्ण दोन फेरे, अगदी सावकाश. रिडक्शन गिअरमुळे प्रोपेलरच्या एका फेऱ्यात क्रँकशाफ्टचे दोनाहून जास्त फेरे होतात, त्यामुळे एका फेऱ्यातच प्रत्येक सिलिंडरचे काँप्रेशन येऊन जाते. दुसरा फेरा खात्रीसाठी. पाच पात्यांच्या सी फ्यूरीवर समोरून दहा पाती मोजायची, चार पात्यांच्या टेम्पेस्टवर आठ.

५. काँप्रेशनचा विरोध लवचीक असतो. हात रेटत नेला की तो वाढतो आणि मग सुटतो. लॉकचा विरोध कोरडा आणि अचानक असतो, पाते जागच्या जागी थांबते. हा फरक तळहाताला कळतो, म्हणून पाते एकाच माणसाने आणि हातानेच फिरवावे. तीन-चार जणांनी मिळून रेटले तर लॉक कळणारच नाही, उलट रॉड वाकवण्याइतका जोर जमिनीवरच लागेल.

पाते थांबले तर तिथेच थांबा. हलवून सैल करू नका आणि उलट तर अजिबात फिरवू नका. कागदावरचा ठिपका ११ वरून मागे ८ कडे न्या म्हणजे कारण दिसेल: काँप्रेशनमधून उलटे गेले की इनलेट पोर्ट उघडते आणि तेल इनलेटच्या पाइपात ढकलले जाते. हाताला मोकळे लागते, लॉक गेला असे वाटते. इंजिन सुरू झाले की तेच तेल सिलिंडरमध्ये परत ओढले जाते, आणि आता त्याच्यामागे हाताचा नव्हे तर अठरा सिलिंडरांचा जोर असतो.

योग्य उपाय म्हणजे खालच्या सिलिंडरांचे प्लग काढणे. काउलिंगची खालची पॅनेले उतरवा, खाली ट्रे ठेवा. सेंटॉरसचे दोन्ही प्लग जंक हेडच्या खोलगट तळाशी असतात, त्यामुळे लांब बॉक्स पाना आणि एक्स्टेन्शन लागते. तिरपा पाना लावला तर प्लगचे सिरॅमिक तडकते. अगदी तळाच्या सिलिंडरचा कोणताही प्लग चालेल, बाजूला कललेल्या सिलिंडरचा खालच्या पातळीवरचा प्लग निवडा. तेल निथळू द्या, मग प्लग काढलेलेच ठेवून प्रोपेलर दोन फेरे फिरवा. उरलेले तेल पिचकारीसारखे बाहेर येते, तेव्हा तोंड तिथे नको. दहा मिनिटे थांबून पुन्हा फिरवा. इनलेट पाइपांना ड्रेन असेल तर तोही उघडा.

निघालेले तेल मोजा आणि सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवा. एकाच सिलिंडरमधून दर वेळी इतरांपेक्षा जास्त तेल येत असेल तर त्याच्या रिंगा किंवा स्लीव्ह झिजत आहे. हे निदान फुकट मिळते, ते वाया घालवू नका. प्लग स्वच्छ करून, नवे वॉशर लावून परत बसवा.

विमान काही आठवडे किंवा महिने उभे असेल तर पाते फिरवून लॉक शोधत बसण्यापेक्षा खालचे प्लग आधीच काढावेत. अशा वेळी दुसरा धोकाही असतो: स्लीव्हवरचा तेलाचा थर ओघळून गेलेला असतो. बाहेरच्या पंपाने इंजिनाच्या तेलमार्गात गरम तेल दाबाने सोडा आणि गेजवर दाब स्थिर दिसेपर्यंत, प्लग काढलेले असतानाच, प्रोपेलर सावकाश फिरवत राहा. पोलादी स्लीव्ह कोरडी असताना ॲल्युमिनियमच्या भिंतीवर पहिले काही सेकंद घासली तर ओरखडे कायमचे राहतात.

सुरू करणे

विमानाचे तोंड वाऱ्याकडे, अग्निशामक घेऊन एक माणूस एक्झॉस्टच्या बाजूला पण प्रोपेलरच्या रेषेबाहेर. कूलिंग गिल्स (काउलिंगमधून हवा बाहेर सोडणारी झडपे) पूर्ण उघड्या, प्रोपेलरचा लिव्हर कमाल आरपीएमवर, सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) एम गिअरमध्ये, म्हणजे दोनांपैकी कमी वेगाच्या गिअरमध्ये, थ्रॉटल किंचित उघडा.

प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात थोडे पेट्रोल सोडणे, जपून करा. थंड हवेत जास्त लागते, गरम इंजिनाला जवळपास नकोच. जास्त झालेले पेट्रोल वाया जाते एवढाच प्रश्न नाही. ते स्लीव्हवरचे तेल धुऊन टाकते, खालच्या सिलिंडरमध्ये साचून स्वतःच लॉक करू शकते, आणि एक्झॉस्टमध्ये पेटते.

काडतुसाचा स्टार्टर क्रँकशाफ्टला काही मोजकेच फेरे देतो, पण फार जोराने. इलेक्ट्रिक स्टार्टरचा क्लच लॉकवर कधीकधी घसरून इंजिन वाचवतो. काडतूस अशी दयामाया करत नाही, म्हणून हाताने फिरवण्याची पायरी इथे कधीच गाळायची नाही. काडतूस उडूनही इंजिन पेटले नाही, तर थोडे थांबून आणि प्रायमिंग किती झाले याचा विचार करूनच दुसरे वापरा. काडतूस उडालेच नसेल तर ब्रीच लगेच उघडू नका, ते उशिरा उडू शकते.

इंजिन पकडताच तेलाच्या दाबाकडे पाहा. अर्ध्या मिनिटात दाब दिसला नाही तर बंद करा. निळसर पांढऱ्या धुराचा मोठा लोट येईल, त्याला घाबरायचे कारण नाही. स्लीव्हच्या दोन्ही बाजूंचे तेल जळत असते. मिनिटभरात धूर विरळ व्हायला हवा. इंजिन गरम झाल्यावरही एकाच बाजूच्या पाइपांतून निळा धूर येत राहिला, तर त्या बाजूच्या एखाद्या सिलिंडरची स्लीव्ह किंवा जंक हेडच्या रिंगा तपासायला हव्यात. एक्झॉस्टमध्ये आग दिसली तर इंजिन थांबवू नका. इंधन बंद करून थ्रॉटल उघडा आणि इंजिन फिरते ठेवा, म्हणजे ज्वाळा बाहेर फेकली जाऊन विझते.

गरम करणे आणि तपासणी

१,००० ते १,२०० आरपीएमच्या आसपास गरम होऊ द्या. त्याहून हळू ठेवले तर तेल प्लगवर चढते आणि मॅग्नेटोच्या तपासणीत विनाकारण दोष दिसतो. त्याहून जोरात चालवले तर घट्ट थंड तेल स्लीव्हपर्यंत पोचण्याआधीच भार पडतो. नोट्समधले तेलाचे आणि सिलिंडरचे किमान तापमान गाठेपर्यंत वेग वाढवू नका. गिल्स बंद करून लवकर गरम करण्याचा मोह टाळा: गेजवरचा एक सिलिंडर गरम दिसतो, पण मागच्या रांगेतले सिलिंडर त्याहून पुढे गेलेले असू शकतात.

गरम झाल्यावर प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन) दोन-तीनदा खाली-वर करा, म्हणजे हबमधले थंड तेल बदलते. सुपरचार्जर एमवरून एसवर (जास्त वेगाच्या गिअरवर) आणि परत एमवर न्या. लिव्हर एका झटक्यात हलवायचा, मधे रेंगाळायचे नाही. त्याच्या क्लचमध्ये फिरण्याच्या जोराने तेलातला गाळ साचतो. गिअर नियमित बदलला नाही, तर नेमका गरज असताना क्लच घसरतो. मग मॅग्नेटो एकेक करून तपासा. पूर्ण ताकद लावायची असेल तर शेपूट बांधा, कारण इतक्या जोरावर ते नुसत्या वजनाने खाली राहत नाही आणि प्रोपेलर जमिनीला लागतो.

उड्डाण करताना

सी फ्यूरीवर उड्डाणाची मर्यादा २,७०० आरपीएम आणि +९½ पौंड बूस्ट आहे. बूस्ट म्हणजे सुपरचार्जरने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, आणि ब्रिटिश पद्धतीत तो वातावरणाच्या दाबाच्या वर मोजतात. सिम्युलेटरवर अमेरिकी गेजची सवय असेल तर शून्य बूस्ट म्हणजे सुमारे ३० इंच आणि +९½ म्हणजे सुमारे ४९ इंच पारा.

प्रोपेलर डावीकडे फिरत असल्याने विमान धावपट्टीवर उजवीकडे ओढते, म्हणून पाय डाव्या रडरवर तयार ठेवा. थ्रॉटल सावकाश उघडा. उतरताना कमी वेगात अचानक पूर्ण थ्रॉटल दिला तर पाच पाती आणि अडीच हजार अश्वशक्ती विमानाला उजवीकडे उलथू पाहतात, आणि त्या वेगाला एलेरॉन पुरेसे पडत नाहीत. विमानवाहू नौकेवर उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना ही चूक जिवावर बेतते.

ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग बूस्ट. कमी करताना आधी बूस्ट, मग आरपीएम. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट दिला की मास्टर रॉडच्या बेअरिंगवर तेलाचा थर टिकत नाही. उलट टोकालाही धोका आहे: लांब उतारात थ्रॉटल मिटून जास्त आरपीएम ठेवले तर प्रोपेलर इंजिनाला ओढत नेतो आणि बेअरिंगवर उलट्या बाजूने भार येतो. थोडा बूस्ट ठेवून खाली या. गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसल्यामुळे हे इंजिन वाढीव बूस्ट डिटोनेशनशिवाय (इंधन अवेळी स्फोटासारखे पेटल्याशिवाय) सोसते, पण बेअरिंगला त्याचा काहीच फायदा होत नाही.

थांबवणे आणि उभे ठेवणे

पुढच्या खेपेचा हायड्रॉलिक लॉक इथेच टळतो किंवा ठरतो. उतरल्यावर काही मिनिटे इंजिन हळू चालू द्या, म्हणजे सिलिंडरचे तापमान एकसारखे खाली येते आणि स्कॅव्हेंज पंप क्रँककेसमधले तेल टाकीत परत नेतो. मग कट-आउटने इंधन तोडून थांबवा, प्रोपेलर पूर्ण थांबल्यावरच मॅग्नेटो बंद करा.

टाकी आणि इंजिनामध्ये तेलाचा बंद-कॉक असेल तर तो उभ्या विमानात उपयोगी आहे, पण विसरून बंद राहिला तर एका मिनिटात इंजिन संपते. कॉक बंद असताना मॅग्नेटो किंवा स्टार्टर चालूच होणार नाही अशी जोडणी असेल तरच तो वापरावा. नुसती लाल फीत बांधून भागत नाही.

दर ठरलेल्या तासांनी तेलाचा फिल्टर काढून कागदावर उलटा करा आणि उजेडात पाहा. चुंबकी प्लगवर विसंबू नका: सिलिंडर आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, बेअरिंगचा धातूही नाही. बारीक चमकदार भुकटी थोडी असणारच, पण ती मागच्या वेळेपेक्षा वाढली का ते तपासा. नखावर घेऊन जाणवतील असे पापुद्रे दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नका.

दीर्घकाळ उभे ठेवायचे असेल तर शेवटच्या चालीत इन्हिबिटिंग, म्हणजे गंज रोखणारे, तेल वापरा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल फवारा. छत्तीसही प्लगांच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावा, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडे बंद करा. त्यानंतर प्रोपेलर फिरवायचा नाही. दर आठवड्याला दोन फेरे दिले की इंजिन मोकळे राहते, हा समज इथे नुकसान करतो, कारण प्रत्येक फेऱ्यात स्लीव्ह भिंतीवरचा संरक्षक थर पुसून टाकते आणि त्या जागी गंज धरतो. पात्यावर तशी पाटी लावा, आणि इन्हिबिट केल्याची तारीख व शोषक प्लगांचा रंग बदलल्याची नोंद इंजिनाच्या लॉगबुकात ठेवा.